वस्तादांना विचारा : तेहतिसाव्या वर्षी फडात उतरलेला गडी

मागच्या अंकात मी जाता जाता रँडी कुटूर या अमेरिकन पैलवानाचं नाव घेतलं आणि आपल्या अंगावर काम ओढवून घेतलं. एरवी या सदराला पत्रं येतात ती बदाम किती, जोर किती, अंड्यातलं पिवळं खावं की नाही, असली. या वेळी निम्मी पत्रं या एकाच माणसावर आहेत. खुराकाची पत्रं पुढच्या अंकात. आज कुटूर.

औशाहून एक वाचक : अण्णा, जाळीच्या पिंजऱ्यातल्या हाणामारीला तुम्ही कुस्तीच्या पंगतीला का बसवता? आणि "आपले गडी जिथं संपतात तिथं हा सुरू झाला" असं लिहिलंत, ते कसं?

ती कुस्ती नाही, हे तुमचं खरं. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, त्यात ठोसा, लाथ, पकड, गळा आवळणं, सांधा पिळणं, सगळं चालतं. आठ कोनांचं जाळीचं कुंपण, बोटं उघडी राहतील असे पातळ हातमोजे, पाच मिनिटांची एक फेरी. साध्या लढतीला तीन फेऱ्या, पट्ट्याच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या, लढतीला पाच. मलाही पहिल्यांदा पुतण्यानं मोबाइलवर दाखवलं तेव्हा मी "बंद कर ते" म्हणालो होतो. मग त्यातल्या टकल्या माणसानं, म्हणजे या कुटूरनं, समोरच्याच्या मानेवर हात टाकला, आणि मी चष्मा मागवला. तो हात तालमीतला होता.

कुटूर १९६३ चा, वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेटचा. सहा वर्षं लष्करात काढली, मग ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून कुस्ती. तिथल्या विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा अंतिम कुस्तीपर्यंत गेला आणि दोन्ही वेळा हरला. ग्रीको-रोमन कुस्तीत ऑलिंपिक संघाचा राखीव गडी, तेही एकदा नाही, तीनदा. राखीव म्हणजे काय ते ज्यानं भोगलं त्यालाच कळतं. पंगतीत बसायचं आणि आपल्या पुढ्यात पानच मांडलेलं नसायचं.

असा माणूस ३० मे १९९७ ला जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात पहिल्यांदा यूएफसीच्या, म्हणजे या लढती भरवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या, पिंजऱ्यात उतरला. एका रात्रीत दोन लढती, दोन्ही जिंकल्या, पहिली तर ५६ सेकंदांत. वय ३३, चौतिसावं लागायला तीन आठवडे. त्याच वर्षी ऑक्टोबरात व्हिटर बेलफोर्टला हरवलं. तो वीस वर्षांचा पोरगा तेव्हा समोरच्याला सेकंदांत झोपवायचा. डिसेंबरात जपानमध्ये मॉरिस स्मिथकडून हेवीवेटचा, म्हणजे जड गटाचा, पट्टा घेतला. सात महिन्यांत एवढं.

आता आपलं बघा. मी ३१ व्या वर्षी लंगोट खुंटीला टांगला. एका यात्रेत शेवटून दुसऱ्या कुस्तीला माझा नंबर होता. कमिटीनं हौदा वरवर उकरला होता, खाली माती दगडासारखी. जोडीदारानं बाहेरली टांग मारली, पाय मातीत फिरलाच नाही, गुडघा फिरला. इनाम दोघांत अर्धं अर्धं केलं आणि माझ्या हातात नारळ दिला. तो नारळ मी घरी आणला नाही. गुडघा वर्षभरात चालता झाला होता, पण गावात जो तो म्हणायचा, "आता वय झालं, लेकरांना शिकवा." मी शिकवायला लागलो. ते बरंच झालं म्हणा, पण ३३ हा आकडा वाचला तेव्हा मला त्या रात्री झोप लागली नाही.

उमरग्याहून एक वाचक : मी नेटवर पाहिलं. तुमचा हा कुटूर १९ लढती जिंकला आणि ११ हरला. अकरा वेळा आस्मान पाहिलेल्या माणसाचं एवढं कौतुक कशाला? एकही न हरलेले कितीतरी आहेत.

आकडा बरोबर. पण हरला ते कुणाकडून आणि नंतर काय केलं, तेही त्याच पानावर होतं, ते वाचलं नाहीत.

२००२ मध्ये हा हेवीवेटला लागोपाठ दोनदा हरला. दुसऱ्या लढतीत पाचव्या फेरीत डोळ्याखालचं हाड मोडलं. वय ३९. समोर सगळे आपल्यापेक्षा वजनदार, हे त्याच्या ध्यानात आलं. मग त्यानं काय करावं? खाली उतरला, ९३ किलोच्या गटात. जून २००३ मध्ये चक लिडेलला तिसऱ्या फेरीत थांबवलं, सप्टेंबरात टिटो ऑर्टिझला पाच फेऱ्या लोळवलं. दोन वजनगटांत पट्टा जिंकणारा तो यूएफसीतला पहिला माणूस. आपल्याकडं हरलेला पैलवान पुढच्या वर्षी चार किलो वाढवून येतो आणि पुन्हा त्याच गड्याकडून हरतो. दहा किलो कमी करून दुसरीकडं नशीब काढायला मोठं काळीज लागतं, कारण फडावरची माणसं म्हणतात, "वाळला गडी."

पुढं लिडेलनं त्याला दोनदा झोपवलं, २००५ आणि २००६ ला. फेब्रुवारी २००६ मध्ये निवृत्ती जाहीर केली, त्याच वर्षी यूएफसीच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं. सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, असं समजा. आणि पुढच्या वर्षी गडी परत आला. ते खाली सांगतो.

एकही न हरलेल्यांबद्दल मला आदर आहे. पण माझ्या तालमीत येणारी लेकरं हरतात. त्यांना मी न हरलेल्याचं काय सांगू?

परळीहून दोन मित्र : एकच लढत बघायची तर कोणती? आमची पैज लागली आहे. एक म्हणतो टिटो, दुसरा म्हणतो सिल्व्हिया.

पैज सिल्व्हियावाल्यानं जिंकली, दुसऱ्यानं चहा पाजावा.

३ मार्च २००७, ओहायोतलं कोलंबस. निवृत्त होऊन वर्ष झालेला ४३ वर्षांचा कुटूर, उंची सहा फूट एक इंच. समोर हेवीवेट चॅम्पियन टिम सिल्व्हिया, सहा फूट आठ इंच, वजनानंही पंधरा किलोंहून जास्त भारी. सलामी झाली. कुटूर पुढं सरकला आणि पहिल्या दहा सेकंदांच्या आतच उजवा हात वरून फिरवून असा घातला की एवढं मोठं धूड खाली बसलं. मी खुर्चीतून उठलो आणि गुडघ्यानं मला परत बसवलं.

पण लोक तेवढाच ठोसा बघतात आणि थांबतात. पुढच्या चोवीस-पंचवीस मिनिटांत खरं काम आहे. उंच माणसाला लांब ठेवलं तर तो हातांच्या लांबीवर खेळतो. कुटूर लांब राहिलाच नाही. डोकं हलवत आत शिरायचं, जाळीला रेटायचं, पट काढायचा, म्हणजे पाय ओढून पाडायचं, वर बसायचं. पाचही फेऱ्या त्याच्या. तिन्ही पंचांनी ५०-४५ दिले. तिसऱ्यांदा हेवीवेटचा पट्टा. लहान जोडीनं मोठी जोड कशी खेळावी, हे मी माझ्या पोरांना फळ्यावर खडूनं काढून दाखवतो. आता मोबाइलवर दाखवतो.

टिटोची लढतही बघा, पण शेवटासाठी. टिटो तेव्हा २८ चा, मोठ्या तोऱ्याचा. शेवटच्या सेकंदांत तो पायाला बिलगून गुडघ्याचा डाव लावू पाहत होता, तर चाळिशीच्या कुटूरनं त्याच्या ढुंगणावर चापट्या मारल्या. मास्तरनं मारल्यासारख्या. हे आमच्या यात्रेत झालं असतं तर हलगीवाला दमला असता.

निलंग्याहून एक वाचक : आपल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार मामा आज तरुण असते तर या पिंजऱ्यात टिकले असते का?

या प्रश्नाला मी पक्षपातीच उत्तर देणार. मामांनी १९७७ ला बेळगावात दिल्लीच्या सतपालला हरवलं, ती कुस्ती आठवली तरी अंगावर काटा येतो. सतपाल म्हणजे केवढा गडी, आणि मामा त्याच्यापुढं उंचीनं-वजनानं कमी. वर सिल्व्हियाचं जे लिहिलं, ते तुम्ही आम्ही आपल्याकडं आधीच ऐकलेलं आहे.

पण नुसत्या अभिमानानं ठोसा चुकत नाही. कुटूरचं हत्यार काय होतं ते बघा. ग्रीको-रोमन म्हणजे कमरेखाली हात लावायचा नाही, सगळा खेळ मान, खांदा, बगल आणि कंबरेचा. आपले लातूरचे काका पवार, अर्जुन पुरस्कारवाले, याच प्रकारातले. कुटूरनं त्यात एक भर घातली. डावा हात समोरच्याच्या मानेमागं, आपलं कपाळ त्याच्या जबड्याखाली रोवलेलं, म्हणजे त्याला मान उचलता येत नाही, आणि मोकळ्या उजव्या हातानं वीतभर अंतरावरून ठोसे. मी तालमीत पुतण्यावर करून पाहिलं, ठोसे हळूच. तो म्हणाला, "काका, ठोशापेक्षा तुमचं कपाळच जास्त लागतंय." बरोबर आहे, तोच तर डाव आहे.

आणि कुस्तीगीर मुष्टियोद्ध्यापुढं काय करतो, याचा पुरावा हवा असेल तर ऑगस्ट २०१०, बोस्टन. तीन वजनगटांत विश्वविजेता राहिलेला बॉक्सर जेम्स टोनी पिंजऱ्यात आला. ४७ वर्षांच्या कुटूरनं ठोशांची देवघेव केलीच नाही. खाली वाकून थेट घोट्याला हात घातला, एकेरी पट, टोनी पाठीवर. पहिल्याच फेरीत मान आणि हात एकत्र आवळून हार कबूल करवली. टोनीचे हात शेवटपर्यंत नवेकोरे राहिले. मामांना वर्षभर ठोसे चुकवायला शिकवलं असतं तर? लिहीत नाही. निलंग्याचे लोक हे पान फ्रेम करून लावतील.

अंबाजोगाईहून एक आई : माझा मुलगा दहावीत आहे आणि दिवसभर हे बघतो. रक्त बघून माझ्या पोटात गोळा येतो. हे चांगलं आहे का?

ताई, गोळा येतो ते बरोबरच आहे. जानेवारी २००४ मध्ये कुटूरची लढत ४९ सेकंदांत संपली, कारण समोरच्याच्या हातमोज्याच्या शिवणीनं पापणी फाटली. २००७ ला गोंझागा नावाच्या गड्याची डोक्याकडं आलेली लाथ हातावर घेतली, तर हाताचं हाड मोडलं. मोडक्या हातानं तो लढत राहिला आणि तिसऱ्या फेरीत जिंकला. लोक टाळ्या वाजवतात, मी पण वाजवल्या. माझ्या तालमीतल्या पोरानं असं केलं तर मी आधी त्याला हौद्याबाहेर काढीन.

दहावीच्या मुलाला मारामारी नको, कुस्ती द्या. पाच वाजता उठू द्या, दोनशे बैठका मारू द्या. दिवसभर मोबाइल बघायला अंगात ताकद उरणार नाही. आणि ब्रॉक लेस्नर नावाचं कुस्तीच्या तमाशातलं जे पात्र तो टीव्हीवर बघत असेल, त्यानं २००८ ला ४५ वर्षांच्या कुटूरकडून पट्टा खरोखर हिसकावून घेतला, एवढं त्याला सांगा. तुम्हाला माहीत आहे बघून गडबडेल.

बीड जिल्ह्यातून एक पैलवान (वय २९) : वस्ताद, महाराष्ट्र केसरीला दोनदा जिल्ह्यातून गेलो, पुढं सरकलो नाही. एमएमएत जावं का? वय झालं का?

वयाचं वर लिहिलं आहे, पुन्हा विचारू नका. बाकीचं सांगतो.

आपल्या पैलवानाला एक खोड असते, ती त्याला पिंजऱ्यात मारते. खाली पडला की तो पालथा होतो. चीत होऊ नये म्हणून पोटावर झोपणं आपल्या हाडात भिनलेलं असतं. पिंजऱ्यात पाठीवर पडल्यानं कुणी हरत नाही, पण पालथं होऊन पाठ दिली की मागून गळ्यात हात पडतो आणि लढत संपते. २०१० ला कुटूरनं मार्क कोलमनला असंच संपवलं, आणि कोलमन काही साधा पैलवान नव्हता, ऑलिंपिक खेळलेला. तेव्हा पहिले सहा महिने पाठीवर पडून खेळायला शिका. लाज वाटेल. वाटू द्या.

दुसरं, दम. आपला दम खडाखडीचा, थांबून थांबून लागणारा. इथं पाच मिनिटं सलग.

तिसरं, पैसा लगेच मिळेल ही आशा सोडा. वूशू या चिनी युद्धकलेतून आलेली मुजफ्फरनगरकडची पूजा तोमर जून २०२४ ला यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली, तेव्हा तिशीची होती आणि मागं कितीतरी वर्षांची मेहनत होती. आणि मातीत-मॅटवरच राहायचं असेल तर तुमच्याच जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे बघा. २०१८ ला राष्ट्रकुलमध्ये सुवर्ण, २०१९ ला जागतिक स्पर्धेत ब्राँझ.

गुडघ्याचं काही दुखणं असेल तर आधी मला फोन करा. नंबर संपादकांकडं आहे.

जिंतूरहून सातवीतला एक विद्यार्थी : रँडी कुटूरचे कान असे चुरगळल्यासारखे का आहेत? ते दुखतात का? तो आता काय करतो?

शेवटचं आधी सांगतो. ३० एप्रिल २०११ ला टोरंटोत, ४७ व्या वर्षी, ल्योटो माचिदानं उडी मारून तोंडावर लाथ घातली. दात गेला आणि कुटूरनं खेळ थांबवला तो कायमचा. नंतर सिनेमात कामं केली. २०१९ ला व्यायामानंतर छातीत दुखायला लागलं तर हा बाबा स्वतः चालत दवाखान्यात गेला. तू असं करू नकोस, मोठ्यांना हाक मार.

आता कान. कुस्तीत डोक्याला डोकं घासतं, कान मातीवर, खांद्यावर रगडला जातो. कानाच्या आतली कुरकुरीत कूर्चा आणि वरची कातडी एकमेकांपासून सुटतात, मध्ये रक्त साठतं. ते वेळेत काढलं नाही की घट्ट होऊन बसतं. पहिले आठ-दहा दिवस फार दुखतं, उशीवर डोकं टेकवत नाही. नंतर काही नाही. फक्त मोबाइलचे ते छोटे इअरफोन कानात बसत नाहीत, म्हणून पुतण्यानं मला मोठे आणून दिलेत.

माझा डावा कान तसाच आहे. तालमीत आलास तर हात लावून बघ, पण चप्पल बाहेर काढ.