बोटीच्या पोटात प्लायवूड की फोम?

प्रश्न : शिवसागर जलाशयात आमची फायबरची बोट पर्यटकांना फिरवते. इंजिन बसतं ती मागची भिंत हलायला लागलीय, बोल्टच्या भोकातून काळपट पाणी झिरपतं. सुतार म्हणतो, आतलं प्लायवूड बदलू. मित्र म्हणतो, प्लायवूड कुजणारच. तिथेही आणि तळालाही फोम भरून घ्या. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, बामणोली (जि. सातारा)

उत्तर : भिंतीपुरतं सुताराचं ऐका. इंजिनाचे बोल्ट आवळले की आतल्या मालावर जबर दाब येतो. साधा हलका फोम तिथे चेपतो, बोल्ट सैल पडतात. प्लायवूड तो दाब पेलतं, इंजिनाचा धक्काही सोसतं.

मित्राची भीती मात्र खरी आहे. सांगलीत माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बोटींत कूज बहुतेक वेळा बोल्टच्या भोकापासूनच सुरू झालेली असते. तिथून शिरलेलं पाणी प्लायच्या थरांतून पसरत जातं आणि वरचं फायबर धडधाकट दिसत राहतं. हातोडीने ठोकून बघा; आवाज बद्द आला तर तेवढा भाग गेलाच म्हणून समजा.

प्लाय आयएस ७१० (पाण्यातल्या कामाच्या प्लायवूडचं भारतीय मानक) शिक्क्याचंच घ्या. त्याचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकतो की नाही, हे तपासलेलं असतं. पण पाणी मुरत राहिलं तर तेही कुजेल, म्हणून खरी मेहनत भोकांवर घ्यायची. भोक बोल्टपेक्षा मोठं पाडा, घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने (दोन भाग मिसळले की कडक होणारा चिकट माल) पूर्ण भरा, वाळल्यावर त्यातच बोल्टच्या मापाचं नवं भोक पाडा. म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. कापलेल्या कडांनाही इपॉक्सी पाजा. फायबरच्या कामात नेहमी वापरतात ते साधं पॉलिस्टर रेझिन लाकडाला नीट धरत नाही. पैसे वाचवायला ते वापरू नका, असं मी प्रत्येकाला बजावतो. काम मार्च-एप्रिलच्या उन्हात काढा. तुमच्याकडच्या पावसाळ्यात लाकूड सुकतच नाही, आणि ओल्या लाकडावर फायबर चढवणं म्हणजे कूज आत कोंडणं.

तळाचं म्हणाल तर तिथे फोमच बरा. १२ मिमी प्लायवूड चौरस मीटरला सात किलोच्या आसपास भरतं, तेवढाच फोम जेमतेम एक किलो. पण तुमचा तळ ठणठणीत असेल तर तो उकलूच नका.

आणि कळकळीने सांगतो, भिंत पक्की होईपर्यंत त्या बोटीत प्रवासी घेऊ नका. इंजिन आज उतरवून ठेवा.