चोवीसपैकी पाच बाटल्या बिघडल्या? उकळणं वाढवू नका, शेवटचं विसळणं बदला

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. इंदूरचं सुदामा नगर, यीस्टने फसफसवलेल्या आल्याच्या बिअरच्या २४ बाटल्या, बाटल्या कबाड्याकडून आणलेल्या तपकिरी बिअरच्या. भांड्यांच्या साबणाने धुतल्या, ब्लीचच्या पाण्यात बुडवल्या, नळाखाली स्वच्छ विसळल्या आणि भरल्या. १९ उत्तम निघाल्या, ५ आंबूस, तार सुटलेल्या, झाकण उघडताच फवारा. आणि तुम्ही विचारताय, "पुढच्या वेळी बाटल्या अर्धा तास उकळू का?"

नका उकळू. नेमका हाच त्रास मीही भोगला आहे आणि उकळण्याची वेळ वाढवून तो सुटत नाही. तुमची चूक "नळाखाली स्वच्छ विसळल्या" या तीन शब्दांत आहे.

त्याआधी एक खुलासा. नावात बिअर असली तरी हे पेय एक-दीड दिवसात फ्रिजमध्ये गेलं तर अल्कोहोल नाममात्र राहतं. आठवडाभर बाहेर ठेवलंत तर ते वाढत जातं, आणि मध्य प्रदेशात परवान्याशिवाय घरी मद्य करणं १९१५च्या आबकारी कायद्यात बसत नाही. बाटल्या निर्जंतुक करायच्या पद्धती मात्र घरगुती बिअर करणाऱ्या लोकांनीच पारखून ठेवल्या आहेत, म्हणून मी त्यांच्याच वापरतो. लहान मुलांना किंवा गरोदर बाईला द्यायचं असेल तर यीस्टच्या भानगडीत न पडता आल्याचा पाक करून वर सोडा घाला.

सगळ्या बाटल्या बिघडल्या असत्या तर दोष पिंपात, नळीत किंवा यीस्टमध्ये शोधावा लागला असता. काहीच बिघडल्या म्हणजे दोष बाटल्यांचा, निदान बहुतेक वेळा. अपवाद दोन. बिघडलेल्या पाचही बाटल्या सगळ्यात आधी भरलेल्या असतील तर पिंपाची तोटी घाण होती आणि तिची घाण पहिल्या धारेबरोबर वाहून गेली. पाचही शेवटी भरलेल्या असतील आणि फक्त फसफस जास्त असेल, आंबूस वास नसेल, तर तळाचा यीस्टचा गाळ त्यांत जास्त गेला, जंतूंचा संबंध नाही. तुम्ही तार सुटल्याचं लिहिलंय, म्हणजे जंतू नक्की. साखरेपासून असा चिकट पदार्थ करणारे लॅक्टिक जिवाणू असतात. त्यांतला ल्युकोनोस्टॉक आपल्या इडलीच्या पिठात असतो, तिथे हवाच असतो. म्हणून ज्या दिवशी इडलीचं पीठ वाटलं असेल त्या दिवशी त्याच ओट्यावर बाटल्या भरू नका.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. नर्मदाकाठच्या जलूदहून शुद्ध होऊन, क्लोरीन घालून निघालेलं पाणी आधी घरच्या हौदात उतरतं, मोटरने टाकीत चढतं, गच्चीवर उन्हात तापत पडतं आणि मग तुमच्या नळाला येतं. तोवर त्यातलं क्लोरीन बहुतेक उडालेलं असतं. टाकीच्या तळाशी गाळ आणि पाइपाच्या आत बुळबुळीत थर. असं पाणी बाटलीतून फिरवलं की दहा मिनिटं ब्लीचमध्ये ठेवून जे कमावलं ते दहा सेकंदांत गेलं. तेवढ्या मोजक्या जंतूंचं पिताना काही वाटत नाही, पण लिटरला ८०-१०० ग्रॅम साखर असलेल्या, घट्ट झाकलेल्या, ३५ अंशांत ठेवलेल्या बाटलीत त्यांना दिवसभर वाढायला मिळतं. कुठल्या बाटलीत किती गेले हा निव्वळ योग, म्हणून ५ बिघडल्या आणि १९ वाचल्या. मला ही चूक सगळ्यात महाग पडली, कारण हात "स्वच्छ" करायलाच नळाखाली जातो आणि संशय शेवटपर्यंत साबणावर, ब्लीचवर, आल्यावर घेतला जातो.

मग ब्लीच न विसळता तसंच ठेवावं का? तेही नको. क्लोरीन आणि फिनॉल जातीची द्रव्यं एकत्र आली की दवाखान्यासारखी चव येते, ती अगदी सूक्ष्म प्रमाणातही जिभेला कळते, आणि आल्याचा तिखटपणाच मुळी फिनॉल जातीच्या द्रव्यांचा आहे. म्हणून ब्लीच वापरलंत तर विसळायला पाणी उकळून, झाकून गार केलेलं हवं. २४ बाटल्यांना प्रत्येकी १०० मिली धरून अडीच लिटर लागतं, चार लिटर उकळून ठेवा.

ब्लीचचं प्रमाणही नीट धरा. ५ टक्के हायपोक्लोराइटचं बिनवासाचं साधं ब्लीच, १० लिटर पाण्याला २० मिली, म्हणजे साधारण १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग). दहा मिनिटं. पाणी गारच घ्या, गरम पाण्यात ते लवकर निकामी होतं. बाटलीवरची तयार केल्याची तारीख बघा, दुकानात दोन उन्हाळे काढलेल्या ब्लीचमध्ये ५ टक्के राहिलेलं नसतं. आणि इथे बोरिंगचं पाणी घात करतं. जंतू मारतं ते हायपोक्लोरस ॲसिड. पाण्याचा पीएच (आंबट-क्षारीपणाचा आकडा, ७च्या खाली आंबट, वर क्षारी) ८ असेल तर क्लोरीनचा जेमतेम चौथा हिस्सा त्या रूपात असतो, साडेसहाला नऊ दशांश. घरगुती बिअरवाले म्हणूनच ब्लीचइतकाच पांढरा सिरका घालतात: आधी २० मिली ब्लीच सगळ्या पाण्यात मिसळायचं, ढवळायचं, नंतर २० मिली सिरका. हे प्रमाण आरओच्या पाण्यात बरोबर बसतं. माळव्याच्या काळ्या खडकातलं बोरिंगचं पाणी इतकं क्षारी की तो सिरका पाण्यातच मुरतो आणि पीएच पुरेसा उतरत नाही. ब्लीच आणि सिरका पातळ न करता एकमेकांत कधीही ओतू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. संडास साफ करायच्या ॲसिडजवळ तर ब्लीच नेऊच नका. खिडकी उघडी ठेवा.

पण ताई, यातलं काहीही धुण्याची जागा घेत नाही. घाणीच्या थराखाली निर्जंतुक करणारं द्रव पोचत नाही, आणि कबाड्याकडच्या बाटलीत थर असतोच. तपकिरी काचेत तो दिसत नाही. बाटली उलटी धरा, बुडाखाली मोबाइलचा टॉर्च लावा आणि तोंडातून आत बघा: बुडाच्या कोपऱ्यात, जिथे काच वळते, तिथे राखाडी कडं दिसेल. दुसरी खूण मानेत, जिथवर जुनं पेय भरलेलं होतं तिथे बारीक रेघ असते. ती असेल तर ती बाटली आधीच्या मालकाकडेच बिघडलेली होती, सरळ टाकून द्या. मग साध्या पाण्याची परीक्षा. बाटली भरून रिकामी करा. स्वच्छ काचेवरून पाणी एकसंध पडद्यासारखं उतरतं. थेंब-थेंब होऊन ठिकठिकाणी चिकटून राहिलं तर आत तेलकटपणा आहे, पुन्हा धुवा.

धुवायला भांड्यांचा वासाचा साबण नको, त्याचा पातळ थर मागे राहतो आणि फेस मारतो. सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच, लिटरला ५ ग्रॅम, ५०-६० अंशांच्या पाण्यात, रात्रभर. लेबलंही आपोआप सुटतात. नाही मिळालं तर धुण्याचा सोडा लिटरला १० ग्रॅम, पण बोरिंगच्या पाण्यात त्याने काचेवर पांढरी साय धरते. ती लिंबूसत लिटरला १० ग्रॅम घालून अर्ध्या तासात निघते. बुडाच्या कोपऱ्यात ब्रश पोचत नाही. तिथे मूठभर कच्चे तांदूळ, थोडं सोड्याचं पाणी घालून मिनिटभर जोरात घुसळा. आजीच्या काळातली युक्ती आहे आणि याहून चांगली मला सापडलेली नाही. आणि आपण रिकामी केलेली बाटली त्याच क्षणी तीनदा विसळली तर पुढच्या वेळी यातलं निम्मं काम उरतच नाही. धुण्याचं हे विसळणं नळाखाली चालेल. निर्जंतुक केल्यानंतर चालणार नाही.

उष्णतेने करणार असाल तर बाटल्या पाण्यात उकळण्यापेक्षा वाफ द्या. मोठ्या पातेल्यात जाळी, तळाला दोन इंच पाणी, बाटल्या उलट्या, वर खोल झाकण किंवा उलटं पातेलं. पाणी गार असतानाच बाटल्या आत ठेवा. जोरात वाफ यायला लागल्यापासून २० मिनिटं. गॅस बंद करून तिथेच गार होऊ द्या आणि भरायच्या वेळीच काढा. विसळायचं नाही, पुसायचं तर मुळीच नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून मी १५ ऐवजी २० धरतो. यीस्ट, बुरशी, लॅक्टिक जिवाणू यात मरतात. चिवट बीजाणू राहू शकतात, पण लिंबू पिळलेल्या आंबट पेयात, पीएच ४च्या खाली, ते उगवत नाहीत. लिंबू वगळू नका ते याचसाठी. उकळतं पाणी गार बाटलीत ओतणं मात्र बंदच करा, काच आत-बाहेर वेगवेगळी तापते आणि बूड गळून पडतं.

ओटीजी असेल तर अजून सोपं. कोरड्या बाटल्या, तोंडाला ॲल्युमिनियम फॉइल, गार ओटीजीत आडव्या ठेवायच्या, कांडीला काच टेकू द्यायची नाही. १६० अंशांवर दोन तास, किंवा १७०वर एक तास. दार न उघडता रात्रभर गार होऊ द्या. फॉइल काढेपर्यंत बाटली निर्जंतुकच राहते, त्यामुळे हे आठवडाभर आधी करून ठेवता येतं. एका वेळी पाच-सहाच मावतात हा तोटा. रबर असलेली झाकणं आत जाता कामा नयेत.

तिसरा मार्ग न विसळायचं ॲसिड सॅनिटायझर, स्टार सॅन किंवा तत्सम. फॉस्फोरिक ॲसिड आणि डोडेसिल बेंझीन सल्फोनिक ॲसिड हे दोन घटक लेबलवर बघा. लिटरला दीड मिली, आरओच्या पाण्यात, दोन मिनिटं, निथळलं की भरा. फेस राहिला तरी चालतो. नळाच्या जड पाण्यात केलंत तर लगेच दुधाळ होतं, शक्ती उतरते. पीएचपट्टीवर ३च्या खाली हवं. २४ बाटल्यांना चार लिटर पुरतं, नरसाळ्याने या बाटलीतून त्या बाटलीत फिरवायचं. यावर माझा एक राग आहे, तो इथेच काढतो. एका ऑनलाइन विक्रेत्याने "न विसळण्याचं, फूड ग्रेड" म्हणून बाटली पाठवली. घटक काय, प्रमाण किती, काहीच छापलेलं नाही. दर वेळी विचारलं की "सर, फूड ग्रेड आहे" एवढंच उत्तर. फूड ग्रेड म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूला लागलं तर अपाय नाही. त्याने जंतू मरतात असा अर्थ त्यातून निघत नाही. घटक न छापलेली बाटली घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

तुमच्या प्रश्नाखाली लोकांनी सुचवलेल्या उपायांबद्दल थोडक्यात. हिंगाची धुरी लोणच्याच्या बरणीला शोभते, तिथे मीठ आणि तेल राखण करतं. इथे फक्त वास राहील. गच्चीवरचं ऊन तपकिरी काच अडवते, ती बनवलेलीच त्यासाठी असते. केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) सरबताच्या स्क्वॉशमध्ये घालायला ठीक, साध्या पाण्यात ते जंतूंना नुसतं थोपवतं, शिवाय उरलेलं यीस्टला मंद करतं आणि दम्याच्या माणसाला त्रास देतं. लाल औषध (पोटॅशियम परमँगनेट) काचेवर तपकिरी डाग सोडतं. डेटॉल नको. गुरांच्या औषधांच्या दुकानातलं आयोडीनही नको, सडांना लावायच्या त्या द्रवात ग्लिसरिन असतं. हॅण्ड सॅनिटायझरचंही तेच. ७० टक्के अल्कोहोल मात्र झाकणांवर आणि तोटीच्या तोंडावर फवारायला उत्तम, ज्योतीपासून लांब.

झाकणं: पत्र्याची नवीच घ्या, आतलं अस्तर उकळून खराब होतं, म्हणून ॲसिड सॅनिटायझरमध्ये बुडवून ठेवायची. तारेच्या झाकणाचं रबर काढून पाच मिनिटं उकळा, दुमडून बघा, चीर दिसली तर फेका. पिंपाची तोटी पूर्ण खोलून धुवा. आत, फिरकीमागे, मागच्या खेपेचा आल्याचा चोथा अडकलेला असतो.

शेवटी फवाऱ्याचं. त्या १९ बाटल्यांपैकी अजून न उघडलेली एखादी फुगत असेल, आणि इंदूरच्या मे महिन्यात काच फुटते ती तुकडे उडवत फुटते. आजच सगळ्या फ्रिजमध्ये घाला. उचलताना जाड टॉवेल, डोळ्यांवर चष्मा. तोंडाला टवका उडालेली बाटली पुन्हा भरू नका. पुढच्या खेपेत एक बाटली प्लास्टिकची भरा. ती उष्णतेने निर्जंतुक करता येत नाही, आकसते, तिला ॲसिड सॅनिटायझरच द्या आणि आतून ब्रश घालू नका, ओरखड्यांत जंतू बसतात. ती दाबून दगडासारखी लागली की काचेच्या सगळ्या बाटल्या त्याच तासाला फ्रिजमध्ये. झाकणांवर भरण्याच्या क्रमाने १ ते २४ आकडे टाका, आणि काही बिघडल्याच तर कुठले आकडे बिघडले ते इथे लिहा. त्यावरून तोटी की बाटली, हे नक्की सांगता येईल.