पाणी कितव्या पायरीवर आहे?

«ताई, आमचं चिपळूणच्या बाजारपेठेत दुकान आहे, वर घर. मुलगा यंदा दहावीत. पाचवीपर्यंत वर्गात पहिल्या पाचांत असायचा, आता जेमतेम पास होतो. पुस्तक उघडून तासभर बसतो, पान उलटत नाही. काही बोललं की अंगावर येतो. परवा आत्यासमोर ताट भिरकावलं. पाऊस लागला की पोट दुखतं, क्लासला दांडी. मोबाइल सतत चार्जिंगला आणि सतत हातात. रात्री दोन-तीनदा उठून जिन्यापर्यंत जातो, खाली डोकावतो, परत येऊन पडतो. मग सकाळी उठवत नाही. बायको म्हणते, २०२१ च्या पुराचा धसका घेतलाय. पण देवाच्या कृपेनं आमच्यात कुणाला खरचटलंसुद्धा नाही. उलट त्या रात्री हाच सगळ्यांत शूर होता. मी त्याला जिन्यावर बसवलं होतं, पायऱ्या मोजायला. जराही न रडता ओरडून सांगत होता. येत्या जुलैत त्या पुराला चार वर्षं होतील. शिस्त लागावी म्हणून त्याला कोल्हापूरला वसतिगृहात घालावं असं मनात आहे. तुमचं मत कळवावं. – एक वडील»

भाऊ,

वसतिगृहाचं नंतर बघू. «मी त्याला जिन्यावर बसवलं होतं, पायऱ्या मोजायला» हे वाक्य तुम्ही कौतुकानं लिहिलंत आणि पुढे गेलात. मला पुढे जाता येईना. मी उलट चार ओळी मागे गेले, जिथे तो रोज रात्री उठून जिन्यापर्यंत जातो आणि खाली डोकावतो. दोन्ही वाक्यं तुमच्याच हातची, एकाच कागदावरची. ती शेजारी ठेवून एकदा वाचा.

तुमचा मुलगा अजून पायऱ्या मोजतोय. तुम्ही त्याला दिलेलं काम तुम्ही परत घेतलंच नाहीत.

२२ जुलैची ती रात्र जरा त्याच्या उंचीवरून बघा. वाशिष्ठी चढलेली, शिवनदी चढलेली, त्यात खाडीची भरती. वीज गेलेली, फोन बंद पडत चाललेले. तुम्ही लिहिलं नाहीत, पण दुकानदाराच्या घरात अशा वेळी काय चालतं ते मला ठाऊक आहे. मोठी माणसं माल वर ओढत असतात, धान्याचे डबे, कागदपत्रं, गॅसची टाकी. सगळ्यांच्या हातांना काम होतं. सहावीतल्या पोराच्या डोळ्यांना होतं. हातात टॉर्च घेऊन तो अंधारात काळं पाणी बघत बसला होता आणि एकेक पायरी बुडाली की वर ओरडून सांगत होता. त्याच्या ओरडण्यावर घर हलत होतं. अकरा वर्षांच्या मुलाचा हिशेब सरळ असतो: माझा डोळा लागला तर आई, बाबा, सगळे बुडतील. म्हणून तो रडला नाही. पहाऱ्यावर बसलेल्याला रडायला सवड कुठे असते? तुम्ही त्याला शूर म्हणालात, त्यामुळे नंतर रडायची वाटही बंद झाली.

«कुणाला खरचटलंसुद्धा नाही» या वाक्याचा मला राग आला, लपवत नाही. मनावरचा आघात रक्त मोजून ठरत नाही. आता आपण मरणार आणि आपल्याला काहीच करता येणार नाही, असं माणसाला खरोखर वाटलं की तेवढं पुरतं. शिवाय तुमच्या शहरात त्या पुरात माणसं गेलीच ना? कोविडच्या रुग्णालयात पाणी शिरून दाखल असलेले रुग्ण दगावले. घराघरांत हेच बोलणं चाललं होतं आणि तुमचा मुलगा ते ऐकत होता. पुढचे कित्येक दिवस तुम्ही सगळे चिखल उपसत होतात. कोरोनामुळे त्याची शाळाही बंद होती. बाकावरच्या मित्राला «आमच्याकडे इथपर्यंत पाणी आलं होतं» असं हात वर करून सांगायचं, एवढं साधं औषधसुद्धा त्याला मिळालं नाही.

आता तुमची तक्रार पुन्हा वाचू. पान उलटत नाही, कारण ज्याचा एक कान कायम पावसाकडे असतो त्याला बीजगणित दिसत नाही. झोप मोडते, मग दिवसभर चिडचिड. पोट खोटं दुखत नाही, भीतीनं आतडी खरोखर पिळवटतात. मोबाइल चार्जिंगला असतो, कारण फोन बंद पडला की काय होतं ते त्यानं पाहिलंय. (तो त्यात काय बघतो हे कधी विचारलंत का? मला तर वाटतं, पावसाचा अंदाज आणि धरणाचा विसर्ग बघत असेल.) लहान मूल घाबरलं की आईला बिलगतं. पंधराव्या वर्षी बिलगायची लाज वाटते, मग ताट भिरकावलं जातं. या वयात भीती बहुतेक वेळा रागाचे कपडे घालून येते आणि आपण तिला माज म्हणतो. असली लक्षणं महिनाभरात ओसरली नाहीत तर तपासून घ्यावं, असं डॉक्टर सांगतात. तुम्ही चार वर्षं थांबलात. वहिनींना ते कळलं होतं, त्यांचं तुम्ही ऐकलं नाहीत.

किल्लारीचा भूकंप आठवतो? ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. त्यानंतर तिकडची धडधाकट, मिशीवाली माणसं घराच्या छताखाली झोपायला धजत नव्हती. उघड्यावर, पत्र्याखाली रात्री काढायची. त्यांना कुणी आळशी म्हणालं नाही की शिस्तीसाठी कुठे धाडलं नाही. मग दहावीतल्या पोरालाच ही शिक्षा का? आणि त्याला कोल्हापूरला पाठवून काय होईल? तिथे त्याला जिना दिसणार नाही, म्हणजे पाणी कुठवर आलंय ते कळणार नाही. घर इथे, आईबाप इथे, पहारेकरी तिकडे. पावसाच्या पहिल्या रात्री तो पळून येईल. नाही आला तर मला त्याची जास्त काळजी वाटेल.

तुम्ही एकच गोष्ट करायची आहे, आणि ती आज करायची आहे. आज रात्री तो उठला की तुम्हीही उठा. दिवा लावा, जिन्यावर त्याच्या शेजारी बसा आणि सांगा: «त्या रात्री मी तुला इथे बसवलं. ते काम तुझ्या वयाचं नव्हतं. माझी चूक झाली. तू ते चोख केलंस, आता ते माझ्याकडे दे. यापुढे पावसात मी जागा राहणार.» एवढंच. त्याला «सांग ना तुला काय वाटतं» म्हणून खोदू नका. तो गप्प बसेल, कदाचित उठून निघून जाईल, चालेल. बोलला तर मधे बोलू नका. «विसरून जा आता» हे शब्द तर तोंडातून काढूच नका.

आणि दिलेला शब्द पाळा. पाऊस जोर धरेल त्या रात्री खरोखर जागे राहा. त्याला दाखवा की दुकानातला माल वेळेत वर चढवलाय, कागदपत्रांची पिशवी अमुक खुंटीला आहे, पाणी चढायला लागलं तर अमक्याच्या घरी जायचं ठरलंय. चिपळूणमध्ये पुराची भीती खोटी नाही, ती बाजारपेठ २००५ लाही बुडाली होती. त्यामुळे «काही होत नाही रे» म्हणाल तर तो तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. त्याला खात्री हवी आहे ती एवढीच, की पहाऱ्यावर कुणीतरी मोठं माणूस आहे.

तुमच्या एका रात्रीनं चार वर्षांचं साचलेलं निघणार नाही, हेही ऐकून ठेवा. याच आठवड्यात १४४१६ ला फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मग रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात घेऊन जा, किंवा मुलांसोबत काम करणारा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. आघातासाठी खास बोलण्याचे उपचार असतात. त्यात मूल त्या रात्रीकडे आपल्या वेगानं, थोडं थोडं करून परत जातं. नुसती झोपेची गोळी घेऊन घरी येऊ नका. «वेड लागलंय का मला?» असं तो विचारेल. म्हणा, नाही, चार वर्षं जागा आहेस तू. मात्र मरणाची भाषा त्याच्या तोंडी आली, किंवा हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर आठवड्याची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही.

२२ जुलै जवळ येतेय. त्या सुमाराला पोटदुखी वाढेल, चिडचिड वाढेल, आत्यासमोर पुन्हा काहीतरी होईल. आत्याला आधीच सांगून ठेवा. त्या रात्री जिन्याच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर तुम्ही अंथरूण टाका. तो डोकवायला आला तर त्यानं विचारायच्या आधी सांगा, पायऱ्या सगळ्या कोरड्या आहेत, जा झोप.

वसतिगृहाचे पैसे भरले असतील तर परत मागा.

– तुमची ताई