वाचक विचारतात : सव्वा लाख भरून स्वयंसेवक व्हावं का?

प्रश्न : ताई, मी 24 वर्षांची आहे, साताऱ्यात एका खासगी शाळेत गणित शिकवते. इन्स्टाग्रामवर एक जाहिरात पाहिली. टांझानियातल्या अनाथाश्रमात चार आठवडे स्वयंसेवक म्हणून राहायचं, शेवटी सफारी. विमानभाडं सोडून सव्वा लाख रुपये. आईबाबा म्हणतात, पैसे भरून फुकट राबायला कशाला जायचं? मला वाटतं, जग पाहिल्याशिवाय दृष्टी रुंदावत नाही. तुम्ही तिथे राहून शिकवलंय, म्हणून विचारते. जाऊ का?

उत्तर : या जाहिरातीवर जाऊ नकोस. (एकेरीत बोलते आहे, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.) आईबाबांचं कारण मला पटलं नाही, निकाल पटला.

जगभरच्या अशा अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पोर गरिबीपायी तिथे पोचतं. पैसे भरणारे पाहुणे येत राहिले, की आश्रम भरलेला ठेवण्यात कुणाचा तरी फायदा असतो. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने आधुनिक गुलामगिरीची चौकशी केली, तेव्हा या धंद्याचाही त्यात समावेश होता. आणि दर महिन्याला नवी ताई येणार, जीव लावणार, निघून जाणार. पाच वर्षांच्या पोराने हे किती वेळा सोसायचं?

तू शिक्षिका आहेस, म्हणून शिकवण्याचंही सांगते. तिथल्या सरकारी शाळांत प्राथमिकची सगळी वर्षं स्वाहिलीत जातात आणि माध्यमिकला गेलं की सगळं एकदम इंग्रजीत. आपल्याकडे मराठी माध्यमातलं पोर अकरावी सायन्सला भांबावतं ना, तसंच, फक्त कितीतरी लहान वयात. मी टांझानियाच्या दक्षिणेतल्या मसासीजवळ गणित शिकवायचे. उत्तर येत असूनही मुलं गप्प बसायची, कारण इंग्रजी वाक्य जुळत नसे. माझी स्वाहिली बाजारात घासाघीस करण्याइतकी सुधारली, तेव्हा कुठे ती तास संपल्यावर फळ्यापाशी घुटमळू लागली. चार आठवडे तर नावं पाठ करण्यात जातात.

आता दृष्टी. मसासी म्त्वारा प्रांतात येतं, तो काजूचा मुलूख. मी वेंगुर्ल्याची, त्यामुळे झाडं ओळखीची, पण हंगाम उलटा : आपल्याकडे बी उन्हाळ्यात पडते, तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा, पोरं बी वेचायला. बाजारातल्या बायका मला विचारायच्या, ‘मुहिंदी, तुझं दुकान कुठे?’ भारतीय म्हणजे शेठ, हे ठरलेलंच. वडिलांच्या पगारावर महिना रेटणाऱ्या घरातून आलेली मी तिथे शेठाणी झाले होते!

तिथली बरीचशी बी कच्चीच जहाजात चढते आणि भारतात, व्हिएतनाममध्ये फोडली जाते. शेजारचे म्हातारबाबा ओट्यावर बसून भारतीय व्यापाऱ्यांचा उद्धार करायचे, लिलावात भाव पाडतात म्हणून. 2018 साली तर भाव इतके खाली आले, की शेतकऱ्यांनी माल द्यायचं नाकारलं. शेवटी राष्ट्राध्यक्ष मागुफुलींनी 3300 शिलिंग किलोने सगळी बी सरकारनेच घ्यायचा हुकूम काढला आणि ती उचलायला लष्कर पाठवलं. आणि माझा मामा? तो वेंगुर्ल्यात आफ्रिकेच्या बीला शिव्या घालतो : ती बंदरात उतरली की आमचा दर पडतो. दोघंही खरं बोलतात. दोन्हीकडचा भाव ज्याला आधी कळतो, तो या दोघांच्या मध्ये बसलेला असतो. मला हे कळलं ते एक अख्खा हंगाम त्या ओट्यासमोर राहिले म्हणून.

अर्थात नुसतं राहूनही भागत नाही. दार-एस-सलामला एका मराठी घरी वरणभात वाढता वाढता मला सल्ला मिळाला, ‘त्यांच्यात फार मिसळू नकोस.’ सल्ला देणाऱ्या बाईंचा तिथे पंचवीस वर्षांचा संसार! पुण्यात आफ्रिकी विद्यार्थ्याला खोली नाकारणारा घरमालक आणि या बाई, मला तरी फरक दिसला नाही.

जायचंच असेल तर संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम (यूएनव्ही) बघ. 1970 पासून चालू आहे, मुख्यालय जर्मनीत बॉनला. तिथे पैसे भरावे लागत नाहीत, उलट निर्वाहभत्ता मिळतो. आईबाबांना हे आधी सांग. जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर, म्हणून साताऱ्यातली नोकरी सोडू नकोस, तो अनुभव मोजला जातो. आणि कोणत्याही संस्थेला विचार : माझ्याआधी हे काम कोण करत होतं, मी परतल्यावर कोण करणार? गोलमोल उत्तर आलं तर तो नाद सोड.

प्रश्न : मी 66 वर्षांचा निवृत्त विज्ञान शिक्षक, लातूर. मधुमेह आहे. परदेशात स्वयंसेवक म्हणून काम या वयात जमेल का?

उत्तर : सर, यूएनव्हीचं दार साठीनंतर बंद होत नाही. टांझानियात तर वयाचा मान मोठा. पोरं ‘शिकामू’ म्हणून नमस्कार केल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. अडचण तब्येतीची. मलेरियाच्या गोळ्या तुमच्या औषधांबरोबर चालतील का, हे डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेत असाल, तर पाठवणार त्या गावी वीज आणि फ्रिज आहे का, ते होकाराआधी लेखी मागून घ्या.