हॅरी पॉटरमधला क्विडिच, म्हणजे झाडूवर उडत खेळायचा जादूगारांचा खेळ, नुसता खेळ आहे की त्यामागे काही अर्थ आहे?

माझ्या मते अर्थ आहे, आणि तो सगळा त्या अक्रोडाएवढ्या सोनेरी स्निचमध्ये आहे: हा उडता चेंडू पकडला की 150 गुण मिळतात आणि सामना संपतो. संघातले बाकीचे सहा जण झुंजत असतात. सीकर, म्हणजे स्निच पकडणारा खेळाडू, मात्र एकटाच वर घिरट्या घालत एकच गोष्ट शोधतो. पुढे हॅरीच्या वाट्याला हेच येतं.

पहिल्या सामन्यात तो स्निच हाताने पकडत नाही, ती त्याच्या तोंडात जाते. सातव्या पुस्तकात, मरणाला सामोरा जाताना तो तीच स्निच ओठांना लावतो आणि ती उघडते. आत मेलेल्यांना परत बोलावणारा पुनरुत्थानाचा खडा! मला तिथे दरवेळी भरून येतं.

आणि क्विडिचचा विश्वचषक आठवा: बल्गेरियाचा सीकर क्रम स्निच पकडतो, तरी बल्गेरिया 170-160 असा हरतो. हरणार हे दिसत असूनही त्याने सामना स्वतःच्या हातांनी संपवला.