१९२.१६८.२.x आणि १९२.१६८.१.x या दोन सबनेटना (नेटवर्कच्या वेगळ्या भागांना) जोडणाऱ्या लिनक्स मशीनपर्यंत २.x मधून पिंग जातो, पलीकडे १.x मध्ये जात नाही. काय तपासू?

मधल्या मशीनचे दोन्ही पत्ते (१९२.१६८.२.१ आणि १९२.१६८.१.५०) पिंगला उत्तर देतात, एवढ्यावरून राउटिंग चालू आहे असं धरू नका. दोन्ही पत्ते त्याच मशीनचे, त्यामुळे फॉरवर्डिंग बंद असलं तरी ते उत्तर देणारच. आधी मधल्या मशीनवर आयपी फॉरवर्डिंगची (एका बाजूने आलेलं पॅकेट दुसऱ्या बाजूला पुढे पाठवण्याच्या सेटिंगची) किंमत १, म्हणजे चालू, आहे का बघा.

ती असेल तर बहुतेक वेळा परतीचा रस्ता नसतो. पॅकेट १.x मधल्या पीसीपर्यंत नीट पोचतं, पण त्या पीसीला २.x कुठे आहे ते माहीत नसतं. तो उत्तर आपल्या डिफॉल्ट गेटवेला, म्हणजे मुख्य राउटरला देतो आणि तो ते इंटरनेटच्या दिशेने ढकलतो. मुख्य राउटरवर स्टॅटिक रूट (हाताने नोंदवलेला कायमचा रस्ता) टाका: नेटवर्क १९२.१६८.२.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.५०.

खात्री हवी असेल तर मधल्या मशीनच्या १.x बाजूच्या नेटवर्क कार्डवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावा. विनंती बाहेर पडताना दिसते पण उत्तर येत नाही, म्हणजे दोष पलीकडे. समोर विंडोज असेल तर त्याची फायरवॉलही तपासा. दुसऱ्या सबनेटमधला पिंग ती बऱ्याचदा अडवते.

राउटरवर स्टॅटिक रूटची सोयच नसेल तर मधल्या मशीनवर नॅट (२.x मधून जाणाऱ्या पॅकेटवर मधल्या मशीनचाच पत्ता घालणं) लावून भागतं. मात्र मग १.x कडून २.x मध्ये थेट शिरता येणार नाही.