कोलोनच्या कॅथेड्रलजवळ पारंपरिक जर्मन जेवण कुठे मिळेल, काय मागवावं?

डोम, म्हणजे कॅथेड्रल, बघून झाल्यावर तिथेच जवळपास अस्सल जर्मन जेवण मिळेल का आणि सोबतच्या शाकाहारी आई काय खातील, असं तुम्ही विचारलंय. मिळेल, आणि त्यांचीही सोय होईल. डोमपासून चालत दोन-तीन मिनिटांवर 'फ्र्यु आम डोम' आहे. १९०४ साली सुरू झालेल्या फ्र्यु ब्रुअरीची ही खाणावळ. पर्यटकांची गर्दी असते, पण शेजारच्या बाकावर कोलोनकरही बसलेले असतात. माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांना मी बिनदिक्कत तिथेच नेतो.

तुम्ही स्वतः साउअरब्राटन मागवा. गोमांस व्हिनेगर, लवंग, मिरी, तमालपत्रात काही दिवस मुरवतात आणि मग मंद आचेवर शिजवतात. मसाले आपल्याच डब्यातले, पण ऱ्हाइनकाठी त्याचा आंबटगोड रस्सा होतो, मनुका घातलेला. सोबत लाल कोबी आणि बटाट्याचे गोळे येतात. गोळा सुरीने कापू नका, काट्याने फोडा, म्हणजे रस्सा आत मुरतो. पूर्वी हा पदार्थ घोड्याच्या मांसाचा करत, क्वचित आजही मिळतो, तेव्हा ऑर्डर देताना विचारून घ्या. गोमांस खात नसाल तर 'हेम्शन' आहे, मिठात मुरवून उकडलेला डुकराचा पाय.

आईंसाठी रीफकोखे, म्हणजे किसलेल्या कच्च्या बटाट्याची कुरकुरीत तळलेली थालीपीठं, सोबत सफरचंदाचा गर. त्यात बहुधा अंडं असतं. ते चालत नसेल तर 'हाल्वे हान' मागवा: राईच्या पिठाचा पाव, लोणी, गौडा चीजचा जाड तुकडा, कांदा आणि मोहरीची चटणी. परतलेल्या बटाट्यांत डुकराचं मांस आणि लाल कोबीत चरबी असू शकते, ते आधीच विचारा.

बिअर क्योल्शच, म्हणजे कोलोनची स्थानिक बिअर, २०० मिलिलिटरच्या उभट ग्लासात. निळ्या पोशाखातला वाढपी, म्हणजे क्योबेस, रिकामा ग्लास दिसला की न विचारता भरलेला ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. बास झालं की तो पुठ्ठा ग्लासावर झाकून ठेवा. बिअरचा हिशोब त्या रेघांवरूनच होतो. टीप टेबलावर सोडून जाऊ नका, पैसे देतानाच रक्कम वाढवून सांगा. शनिवारी संध्याकाळी जाणार असाल तर टेबल आधी राखून ठेवा.